हळदीचं रान तारण ठेवण्याआधी

प्रश्न : मुलगी विलिंग्डनला बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत 'पुनर्वसन समुपदेशन' (अपंग माणसाला पुन्हा कामाला लागायला मार्गदर्शन करणं) या विषयात मास्टर्स करायचं म्हणते. तिथल्या विद्यापीठाने किती जणांनी पदवी पूर्ण केली, किती जणांना नोकरी लागली याचे आकडे दिलेत. नोकरीचा आकडा जवळपास शंभर टक्के आहे. कर्जासाठी बँक दीड एकर हळदीचं रान तारण मागते. हो म्हणू का? – एक पालक, सांगली

नमस्कार.

रान एवढ्यात तारण ठेवू नका. मुलीला नाही म्हणा असं मी सांगत नाही, पण त्या आकड्यावर कर्ज काढू नका.

आकडा खोटा नसावा. तिकडे समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'केक्रेप' ही संस्था पदवी पूर्ण करणारे, परीक्षा पास होणारे आणि नोकरी लागलेले किती, हे दरवर्षी जाहीर करायला लावते. पण तुम्ही सांगलीचे आहात, सौदे तुम्हाला मी काय सांगू? चार पोत्यांना निघालेला उच्चांकी भाव पेपरात छापून येतो आणि आपल्या हातात पट्टी पडते ती वेगळीच. इथंही तेच विचारा : किती पोत्यांचा भाव? समजा, वर्गात दहा जण आले, सहा जणांनी पदवी पूर्ण केली, त्यातल्या चौघांनी नोकरीची माहिती कळवली आणि चौघांनाही नोकरी होती. झाले शंभर टक्के! शिवाय हे वर्ग बहुधा लहानच असतात, दोन पोरं इकडची तिकडे झाली की टक्का कुठल्या कुठे जातो.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती पोरं कोण? १९७३ च्या तिथल्या पुनर्वसन कायद्याखाली प्रत्येक राज्यात अपंग माणसाला कामावर लावून देणारं सरकारी खातं चालतं आणि या पदवीधरांना तिथे मागणी असते. त्यासाठी अमेरिकेचं केंद्र सरकार शिष्यवृत्तीही देतं, पण ती फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना. एका वर्षाच्या शिष्यवृत्तीमागे दोन वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी करायची, अशी अट असते. म्हणजे त्यांचं शिक्षण आणि नोकरी एकमेकांना बांधलेली आहेत. तुमच्या मुलीला ही शिष्यवृत्ती नाही, आणि पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायची मुभा साधारण १२ महिन्यांची. कर्ज फेडायला १२ महिने पुरतात का, ते तुम्हीच मांडून बघा.

म्हणून विद्यापीठाला ईमेल करा. गेल्या पाच वर्षांत भारतातून किती विद्यार्थी आले, किती जणांनी पदवी पूर्ण केली आणि आज ते कुठे आहेत? एवढंच विचारा. गोलमोल उत्तर आलं तर ते उत्तरच समजा.

आता परत येण्याचं बघू. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आहे. अपंगांसाठी काम करणारे व्यवसाय-समुपदेशक (कोणतं काम जमेल ते सुचवणारे) आणि रोजगार अधिकारी त्या कायद्यात 'पुनर्वसन व्यावसायिक' म्हणून मोजले आहेत, आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय तो व्यवसाय करता येत नाही. परदेशी पदवी आपोआप चालत नाही. ही विशिष्ट पदवी चालेल का, हे जाण्याआधी परिषदेकडून लेखी घ्या. 'चालेल हो, सगळ्यांची चालते' असं एजंट सांगेल, त्यावर जाऊ नका.

इथं काम नाही असं मात्र नाही. मळणी यंत्रात हात गेलेला मजूर, अपघातात पाय गमावलेला कॉलेजचा पोरगा, अर्धांगवायू झालेला कारकून, सगळे मिरजेच्या दवाखान्यांतून बरे होऊन घरी येतात. पुढे काय, हे कोणी सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आहेत. कलम २० तर फार थोड्यांना ठाऊक असतं. समजा, एस.टी.चा चालक नोकरीत असताना अपंग झाला, तर त्याला काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. हे त्या चालकाला, त्याच्या बायकोला आणि साहेबाला समजावणं म्हणजेच पुनर्वसन समुपदेशन. फक्त या नावाची पाटी आपल्याकडे क्वचित दिसते. पगार संस्था, दवाखाने आणि मोठ्या कंपन्यांमधून मिळतो, आणि सुरुवातीला तो बेताचाच असतो. हे कोणी तुम्हाला गोड करून सांगू नये.

जाता जाता एक गंमत. मुलीचं कॉलेज ज्या विलिंग्डन गव्हर्नरांच्या नावाचं आहे, त्यांच्याच पत्नीने १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातचं काम शिकवण्यासाठी एक संस्था काढली. ती आज पुण्यात खडकीला आहे. तिथेच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं केंद्रही आहे. परवानगी घेऊन मुलीला दोन्ही ठिकाणी एकदा घेऊन जा.

मी असतो तर आधी एम.ए. इथंच करायला लावलं असतं आणि सोबत वर्षभर मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात किंवा विशेष मुलांच्या शाळेत शनिवार-रविवार काम. पुनर्वसन मानसशास्त्राचे अभ्यासक्रम परिषदेच्या यादीतही आहेत, ते पाहा. त्यानंतरही अमेरिकाच हवी असेल, तर तिच्या अर्जात सांगण्यासारखं काहीतरी असेल.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात रान आहे, बँक आहे, टक्के आहेत. तिला हेच क्षेत्र का हवंय ते कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.