वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलवरचा कॅमेरा निवडताना आणि बसवताना

प्रश्न : माझ्याकडे एक सिलिंडरची ३५० सीसीची मोटारसायकल आहे. सुटीच्या दिवशी तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, कधी पंढरपूर असा माझा प्रवास असतो आणि त्याचे चित्रण करण्यासाठी मला कॅमेरा घ्यायचा आहे. दुकानात गेल्यावर ४के, ५के असे आकडे सांगितले जातात. कोणता कॅमेरा घ्यावा आणि तो हेल्मेटवर लावावा की हँडलवर?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण आधी कॅमेरा आणि नंतर जागा असा विचार केला आहे. तो क्रम उलटा करावा, अशी माझी विनंती आहे. मोटारसायकलवरचे चित्रण बिघडते ते बहुतेक वेळा थरथरीमुळे, आणि थरथर किती पोहोचणार हे कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो कोठे व कसा पकडला आहे यावर अधिक अवलंबून असते. आपले इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० हादरे गाडीच्या सांगाड्यातून कॅमेऱ्यापर्यंत येतात. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही, तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. त्यामुळे ओळी वाचल्या जात असतानाच कॅमेरा हलला, की विजेचे खांब वाकडे दिसतात आणि रस्ता पाण्यासारखा हेलकावतो. खड्ड्यातला गचका किंवा गाडीचे डोलणे कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवण्याची सोय) चांगले सावरते, परंतु एकाच चित्राच्या आत झालेली ही बारीक थरथर त्याला पूर्णपणे काढता येत नाही. ४के, ५के हे आकडे चित्रात तपशील किती बारीक टिपला जातो ते सांगतात. अशा वेळी ५के घेतले तर तेच बिघडलेले चित्र अधिक स्पष्ट दिसते, एवढेच.

आता जागेविषयी. आरशाची दांडी ही सर्वांत वाईट जागा आहे, कारण लांब आणि बारीक दांडीच्या टोकाला थरथर वाढते. हँडलच्या टोकाजवळ लावलेला कॅमेरा हँडलबरोबर वळतो. सरळ महामार्गावर ते जाणवत नाही, मात्र तुळजापूरच्या घाटात प्रत्येक वळणावर चित्र रस्त्याच्या आधीच वळते आणि पाहणाऱ्याला गरगरते. हँडलवरच लावायचा असेल तर अगदी मध्यभागी लावावा, तेथे वळण्याची कक्षा लहान असते. लेग गार्डवर लावल्यास कॅमेरा खाली राहतो, रस्ता जवळून धावताना दिसतो आणि वेगाचा आभास छान येतो, पण समोरच्या ट्रकची धूळ व चिखल थेट काचेवर बसतो. जागा कोणतीही असो, क्लॅम्प धातूचा आणि आतून रबर लावलेला असावा, कॅमेऱ्यापर्यंतचा हात शक्य तितका आखूड असावा आणि मधले सांधे कमीत कमी असावेत. प्रत्येक सांधा म्हणजे ढिले पडण्याची एक जागा. कॅमेऱ्याला एक मजबूत दोरी बांधून तिचे दुसरे टोक क्लॅम्पला नव्हे, तर गाडीच्या वेगळ्या भागाला अडकवावे, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी कॅमेरा मागच्या वाहनाखाली जाणार नाही.

हेल्मेटवरून, विशेषतः हनुवटीच्या भागावरून घेतलेले चित्रण सर्वांत स्थिर येते हे खरे आहे, कारण चालवणाऱ्याचे शरीर इंजिनाची थरथर स्वतःच शोषून घेते. तरीही मी तो सल्ला सहज देणार नाही. हेल्मेटचे बाहेरचे कवच गुळगुळीत ठेवलेले असते ते पडल्यावर डोके रस्त्यावरून घसरत जावे म्हणून. त्यावर कठीण वस्तू बाहेर आलेली असेल तर ती अडकून मानेला पीळ बसू शकतो. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, परंतु आपण नंतर चिकटवलेल्या कॅमेऱ्यासह त्या हेल्मेटची चाचणी झालेली नसते. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरील कॅमेऱ्याला मनाई केल्याचे जाहीर केले होते, हेही लक्षात घ्यावे. माथ्यावर कॅमेरा कधीही लावू नये आणि कवचाला छिद्र तर कोणत्याही कारणाने पाडू नये. छातीवरच्या पट्ट्यात लावलेल्या कॅमेऱ्याने हात, मीटर आणि रस्ता असे तिन्ही सुंदर दिसतात, पण पडल्यावर कठीण वस्तू बरगड्यांवर येणे हेही निर्धोक नाही. आपली गाडी, आपले रस्ते आणि आपला जीव यांचा विचार करता हँडलच्या मध्यभागी आखूड, रबरी आधाराचा क्लॅम्प लावून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा ठरली की निवड सोपी होते. हलका, बॅटरी बदलता येणारा आणि बाहेरचा माइक जोडता येणारा कॅमेरा पाहावा. ४के आणि चांगले स्टॅबिलायझेशन असले की पुरे. मेमरी कार्डावर व्ही३० ही खूण हवी, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकते. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केल्यास एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते, म्हणून १२८ जीबीचे कार्ड तीन तासांच्या आतच भरते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे रात्री शहरात चित्रण करताना सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे हा पर्याय निवडावा, अन्यथा रस्त्यावरचे दिवे लुकलुकताना दिसतात. भर उन्हात कॅमेरा शटरचा वेळ, म्हणजे एकेक चित्र टिपण्याचा वेळ, फारच कमी करतो आणि थरथर अधिक टोकदार दिसते. लेन्सवर बसणारा, प्रकाश कमी करणारा गडद एनडी फिल्टर त्यावर उपयोगी पडतो, मात्र ऊन उतरताच तो काढावा.

प्रश्न : वेगळा कॅमेरा घेण्याऐवजी माझा चांगला फोनच हँडलवर लावला तर चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : शक्यतो लावू नये. महागड्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहावे म्हणून लेन्स किंवा सेन्सर अतिशय नाजूकपणे तरंगता ठेवलेला असतो. मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकल इंजिनांच्या हादऱ्यांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने स्वतः २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना दिला होता आणि स्कूटरसारख्या लहान वाहनांसाठीही हादरे शोषणारा आधार वापरण्यास सांगितले होते. रस्ता पाहण्यासाठी फोन लावणे भागच असेल तर जुना, साधा फोन वापरावा.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी माझा कॅमेरा मध्येच बंद पडतो आणि चिकटवलेला माउंटही (कॅमेरा बसवण्याचा आधार) सुटतो. उपाय सांगावा.
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : कॅमेरा बहुधा तापल्यामुळे बंद पडतो. गोप्रो ही कॅमेरा कंपनी आपल्या कॅमेऱ्यांसाठी ३५ अंश सेल्सिअस ही वापराची कमाल मर्यादा देते, तर डीजेआय कंपनीच्या ऑस्मो ॲक्शन ४ या कॅमेऱ्यासाठी ती ४५ अंश आहे. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, त्यामुळे येथे कॅमेरा घेताना हा आकडा चित्राच्या आकड्यांपेक्षा आधी पाहिला पाहिजे. धावत्या गाडीवर वारा कॅमेऱ्याला थंड ठेवतो. खरी अडचण सिग्नलवर, टोलनाक्यावर आणि चहासाठी गाडी उन्हात उभी केल्यावर होते. थांबलात की चित्रण बंद करावे, कॅमेरा काढून सावलीत ठेवावा, आणि दुपारी ४के ऐवजी कमी रिझोल्यूशन निवडावे.

माउंट सुटण्यामागे बहुधा घाई असते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करावी. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, त्याने प्लास्टिक आणि रंग खराब होतात. वक्र पृष्ठभागावर वक्र माउंटच लावावा, सपाट माउंटच्या कडा तेथे उचललेल्या राहतात. दाबून चिकटवल्यानंतर किमान २४ तास त्यावर कॅमेरा चढवू नये, कारण या फोमच्या चिकटपट्टीची पकड हळूहळू वाढते आणि ती पूर्ण होण्यास साधारण ७२ तास लागतात. एकदा सुटलेली पट्टी पुन्हा दाबून वापरू नये, नवी लावावी.