डायपर मोजा, मिनिटं नकोत

"काकू, बाळ सोळा दिवसांचा आहे. दर दीड-दोन तासांनी पितो, संध्याकाळी सहा ते दहा तर सोडतच नाही. माझं दूध पुरतच नाहीये असं वाटतं. काल पाजून झाल्यावर अर्ध्या तासाने पंप लावून बघितलं, दोन्हीकडचं मिळून जेमतेम 40 मिली आलं, मी बसून रडले. अ‍ॅपमध्ये प्रत्येक वेळची मिनिटं लिहिते, कधी 11 कधी 35, काहीच मेळ नाही. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर म्हणतात बाळ रोडच दिसतंय. वरचं दूध सुरू करू का?"

पत्र याच्यापुढे अजून दीड पान आहे, नाळ, आंघोळ, नखं, रात्रीचं रडणं, सगळं विचारलंय. पण मी आधी दुधाचंच घेणार आहे आणि त्यावरच जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये नव्या आया सगळ्यात जास्त हेच विचारतात, आणि बहुतेकींनी उत्तर स्वतःच्याच पत्रात लिहिलेलं असतं, त्यांना दिसत नाही इतकंच.

तुझंच बघ. दुसऱ्या पानावर मध्येच तू लिहिलंयस, "जन्माला 3.10 किलो होता, चौथ्या दिवशी 2.86 झाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, चौदाव्या दिवशी 3.18 भरला." आणि त्याच्याखाली, "डायपर किती लागतात, दिवसाला सात-आठ तर नुसते शूचेच!" अगं, ही तक्रार आहे का? ही तर आनंदाची बातमी आहे! पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरलेलं डॉक्टर नीट लक्ष ठेवून चालवून घेतात, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ते परत जन्माच्या वजनावर यावं अशी अपेक्षा असते. तुझा तर त्याच्याही वर गेलाय. ते वजन काय हवेवर वाढलं? तुझ्याच दुधावर वाढलं ना!

माझी मोठी झाली 1998 साली, आम्हाला इकडे येऊन आठच महिने झाले होते. आईचा व्हिसा झाला नाही, घरात आम्ही दोघं आणि ते एवढंसं बाळ. फोन करायचा तर कॉलिंग कार्ड खरवडून तो लांबलचक नंबर दाबायचा, आणि मिनिटं संपत आली की बाई मध्येच बोलायची. मी आईला रडत सांगितलं, दूध पुरत नाही गं, सारखी रडते. तिने मला एकच विचारलं, "शू किती वेळा करते?" मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मग दिवसभर बघतेस काय तिच्याकडे? वरून किती गेलं ते तुला दिसणार नाही, खालून किती आलं ते मोज." मला तेव्हा भयंकर राग आला, कार्डही तिथेच संपलं. पण त्या रात्री ह्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फ्रिजवर लावलं, दोऱ्याने पेन्सिल बांधली, शूला गोल आणि शीला फुली. दुसऱ्या दिवशी रात्री बघितलं तर आठ गोल आणि चार फुल्या. मी त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, पेन्सिल पुसट झालीये पण गोल दिसतात.

तर तूही कागद लाव. हिशोब असा आहे, पहिल्या दिवशी निदान एक ओला डायपर, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असं वाढत जातं, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला लागते. आताचे डायपर इतकं शोषून घेतात की ओला आहे की नाही ते हाताला कळतच नाही, म्हणून एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओत आणि तो हातात धरून बघ, ओला डायपर केवढा जड लागतो त्याचा अंदाज येईल. माझ्या मुलीला मी गेल्या वर्षी हेच करायला लावलं, जावयांनी स्वतः चमच्याने मोजून ओतलं.

कागद उलटही सांगतो हं, म्हणूनच माझा त्याच्यावर इतका जीव आहे. माझ्या धाकट्या जावेचं बाळ सहाव्या दिवशी अगदी शांत, झोपाळू, सगळे म्हणत होते काय गुणी बाळ आहे! कागदावर गोल फक्त तीन, आणि डायपरवर विटकरीसारखा नारिंगी डाग. तसा डाग पहिल्या एक-दोन दिवसांत दिसला तर चालतो, नंतर दिसला तर दूध कमी जातंय असं समजून दाखवायचं असतं. तिला मी त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. बाळ नुसतं टोक धरून चोखत होतं, तोंड मोठं उघडून, हनुवटी छातीला टेकवून, भोवतीचा काळा भागही तोंडात घेऊन पीत नव्हतं. तिलाही खूप दुखत होतं आणि ती सोसत होती. पकड सुधारून दिली, चार दिवस वरचं दूधही द्यावं लागलं, मग सगळं सुरळीत झालं. रडकं बाळ उपाशी आणि शांत बाळ पोटभर असं काही नसतं गं.

आता तुझ्या त्या पंपाबद्दल. पाजून झाल्यावर अर्ध्या तासात 40 मिली! ते उरलेलं होतं बाई. आणि बाळ जसं ओढतं तसं मशीन ओढत नाही, त्यामुळे पंपात किती आलं यावरून तुला दूध किती येतं ते ठरवता येत नाही. मिनिटांचंही तसंच, एखादं बाळ अकरा मिनिटांत पोट भरून मोकळं होतं, एखादं पस्तीस मिनिटं रेंगाळतं, गिळल्याचा आवाज येतोय का ते ऐक. या वयात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं नेहमीचंच आहे, आणि संध्याकाळी सलग चार तास छातीला चिकटून राहणं हेही नेहमीचंच. जेवढं रिकामं होतं तेवढं नवीन तयार होतं, अंगाचा हिशोबच तसा आहे. म्हणून गरज नसताना संध्याकाळी वरची बाटली दिलीस तर बाळ झोपेल खरं, पण तेवढी मागणी कमी झाली म्हणून दूधही कमी तयार होईल, मग पुढच्या आठवड्यात तुला खरंच पुरणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर वरचं दूध बिनधास्त दे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाल, पुरवायला म्हणून पातळ करू नकोस. नुसतं पाणी सहा महिने नाही, मध वर्षभर नाही.

सासूबाईंवर चिडू नकोस. त्यांना फोनच्या स्क्रीनवर नातवाचं टीचभर तोंड दिसतं, त्यांचा हात पोहोचत नाही म्हणून काळजी तोंडातून बाहेर पडते. त्या कागदाचा फोटो काढून त्यांना रोज पाठव. बघ, चार दिवसांत त्याच विचारतील आज किती गोल.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुला रागावणार आहे. तू लिहितेस, "त्याला सकाळी ऑफिस असतं म्हणून तो दुसऱ्या खोलीत झोपतो, रात्री मी एकटीच सोफ्यावर बसून पाजते, कधीकधी डोळा लागतो." असं अजिबात करायचं नाही! बाळाला घेऊन सोफ्यावर झोप लागणं फार धोक्याचं, बाळ कुशीत किंवा उशांच्या फटीत अडकून गुदमरू शकतं. बाळाने झोपायचं ते पाठीवर, स्वतःच्या क्रिबमध्ये, कडक सपाट गादीवर, उशी-पांघरूण-खेळणी काही नाही, आणि क्रिब तुमच्याच खोलीत. नवऱ्याला परत खोलीत बोलव. पाजणं त्याला जमणार नाही पण डायपर, ढेकर, परत झोपवणं आणि कागदावर गोल काढणं हे सगळं त्याला जमतं. ह्यांनाही सकाळी आठला कामावर जायचं असायचं, तरी रात्री दोनचा गोल ह्यांच्याच अक्षरातला आहे.

आणि रडू येतं म्हणालीस ना, पहिले दहा-बारा दिवस बहुतेकींना येतं, पण आता दोन आठवडे उलटून गेलेत, त्यामुळे अजूनही रोज येत असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना सांग, "होईल आपोआप" म्हणत बसू नकोस. आपण इकडच्या बायका हे लपवण्यात पटाईत, मी पण लपवलं होतं, चार महिने, आणि ते चार महिने मला नीटसे आठवतही नाहीत.

बाकीचं भराभर सांगते. नाळ एक ते तीन आठवड्यांत आपोआप पडते, कोरडी ठेव, डायपर तिच्याखाली दुमड, ओढू नकोस, भोवतीची कातडी लाल झाली किंवा वास येऊन पू दिसला तर दाखव. ती पडेपर्यंत ओल्या फडक्याने पुसलंस तरी पुरे, रोज आंघोळ लागत नाही. रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं, असह्य झालं तर त्याला क्रिबमध्ये ठेवून पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहा, बाळाला हलवायचं-गदगदवायचं कधीच नाही. तीन महिन्यांच्या आत ताप 38 अंश किंवा वर गेला तर रात्र असो दिवस असो लगेच डॉक्टर, घरचं औषध देऊन वाट बघायची नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब दिलेत का ते पुढच्या खेपेला विचार.

नखं तो गाढ झोपल्यावर काप किंवा नुसती घासून घे. आणि पुढचं वजन झालं की मला आकडा कळव, सोबत कागदाचा फोटो.