तब्येत चांगली राहण्यासाठी सकाळी भरपेट नाश्ता करावाच लागतो का?

नाही, भरपेट नाश्ता केलाच पाहिजे असं काही नाही. तुम्ही लिहिलंय की सकाळी भूकच नसते पण घरचे "सकाळी राजासारखं खावं" म्हणत दोन पराठे वाढतात आणि ते कसेबसे संपवून तुम्ही ऑफिसला पळता. भूक नसेल तर नका हो खाऊ बळंच, डब्यात न्या आणि दहाला खा.

नाश्ता चुकवला की मेटाबॉलिझम (शरीर कॅलरी जाळतं तो वेग) मंदावतो, वजन वाढतं, हे सगळीकडे ऐकू येतं पण ते तपासून झालंय. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात सहा आठवडे काही जणांना नाश्ता दिला, काहींना दुपारपर्यंत उपाशी ठेवलं (२०१४ चा अभ्यास), बसल्याजागी जळणाऱ्या कॅलरीत फरक पडला नाही. नाश्ता करणारे सकाळी जास्त हालचाल करत होते हे मात्र खरं. मग २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या लोकांनी १३ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तर नाश्ता करणारेच दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त खात होते. म्हणजे वजन आटोक्यात ठेवायला नाश्ता करा हा सल्ला काही टिकत नाही.

माझे आजोबा पहाटे नुसता कोरा चहा घेऊन शेतात जायचे आणि नऊ-साडेनऊला बांधावर बसून बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा अशी दणकून न्याहारी करायचे, पण तोवर अंगातून घाम निघालेला असायचा. आपण उठतो आणि गाडीत बसतो, मग तेवढी भूक लागणार कुठून?

आणि खायचंच असेल तर काय खाता ते बघा. डिशभर पोहे, वर शेव, सोबत साखरेचा चहा, म्हणजे मुख्यतः कार्ब्सच, अकराला परत भूक. त्यापेक्षा मटकीची उसळ, अंडी, मुगाची धिरडी.

फक्त एक, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. माझ्या वडिलांनी एकादशीला ग्लिमेपिराइड घेतली आणि खाल्लं काहीच नाही, ती गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते, अकराच्या सुमाराला घामाने डबडबले, हात थरथरायला लागले, आईने पटकन साखरपाणी दिलं म्हणून सावरले. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता अजिबात बंद करू नका.