मॅडम, छेद काढलेला चालतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक दहावीचं वर्ष लागलं की मुलांना घेऊन माझ्याकडे शिकवणीला येतात आणि गाऱ्हाणं एकच असतं: "बाकीचं सगळं येतंय हो हिला, पण अपूर्णांकाचं समीकरण बघितलं की हातच चालत नाही. एसएसएलसीत गणित गेलं तर पीयूसीला सायन्स कुठलं?" (एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी.)

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतली एक मुलगी अशीच आली. पहिल्या भेटींत वही उघडलीच नाही. उघडली तेव्हा हे गणित दिसलं:

(क्ष − १)/२ − (क्ष − ३)/४ = २

खालची ओळ इतक्यांदा खोडलेली की रबरानं कागद विरला होता.

"काय लिहिलं होतंस?"

"चारनं गुणून छेद काढलेला. मग वाटलं, चुकलंच असणार. सहावीत छेद गाळला म्हणून सगळ्या वर्गासमोर वही फेकलेली."

माझ्या मते भीतीला इयत्ता असते. ती सापडली की निम्मं काम झालं. (शिकवण्या बदलत बसण्यापेक्षा हे स्वस्त, पण पालकांना पटत नाही.) मी १/२ + १/३ शेजारी लिहिलं. याचं उत्तर ५/६. छेद गाळून नुसते ५ लिहिले तर चूकच. "दोन्हींत फरक काय दिसतो?"

बराच वेळ गेला. मग तिचं बोट बरोबरच्या चिन्हावर आलं. "हितं दोन बाजू हाईत. दोन्हीकडं सारखंच गुणलं तर बिघडत नाही. बेरजेला दुसरी बाजूच नाही!"

मी पहिल्याच दिवशी हे सांगून टाकू शकले असते. नाही सांगितलं, ते बरं झालं.

पुढचं सरावाचं काम. छेदांचा लसावि ४. त्यानं प्रत्येक पद गुणायचं, उजवीकडचा एकटा २ सुद्धा. हमखास राहतो तो हाच. अंश कंसात ठेवायचे: २(क्ष − १) − (क्ष − ३) = ८. कंसाआधी वजा, म्हणून आतल्या −३ चा +३ होतो. क्ष + १ = ८, म्हणजे क्ष = ७. पडताळा मूळ समीकरणातच घ्यायचा: ६/२ − ४/४ = ३ − १ = २. छेदातच क्ष असेल, तर छेद शून्य करणारी किंमत आधीच बाद करायची.

पालकांनी "एवढं साधं येत नाही?" हे वाक्य तेवढं टाळावं. उत्तर तपासायलाही बसू नये. पडताळा मुलीलाच घेऊ द्या. चूक तिची तिलाच सापडली तर ती वही लपवत नाही.