थेरपीचा खर्च : विमा की पदरमोड?

प्रश्न : गेले वर्षभर मला सतत चिंता वाटते, झोप नीट लागत नाही आणि कामात लक्ष राहत नाही. औषधे सुरू करण्याआधी थेरपी घेऊन पाहावी, असे आमच्या डॉक्टरांनी सुचवले. माझा आरोग्य विमा नोकरीच्या ठिकाणचा असून त्यात मानसिक आजारांचा समावेश असल्याचे लिहिलेले आहे. मात्र ज्या थेरपिस्टबरोबरची पहिली भेट मला आश्वासक वाटली, त्या विमा कंपनीच्या यादीत नाहीत आणि यादीतल्यांकडे वेळ मिळायला बरेच थांबावे लागेल. शिवाय विमा वापरला तर निदानाची नोंद कुठे ना कुठे राहते, असे एका परिचितांनी सांगितल्यामुळे मी अधिकच गोंधळले आहे. विमा वापरावा की सगळा खर्च स्वतः करावा?

उत्तर : एका सत्राचे शुल्क किती, एवढ्यावरून हा निर्णय घेऊ नका. संपूर्ण उपचाराला किती खर्च येईल आणि तो अर्धवट न सोडता तुम्ही कोणत्या मार्गाने पूर्ण करू शकाल, याचा हिशेब आधी मांडायला हवा. किती सत्रे लागतील हे कोणताही प्रामाणिक थेरपिस्ट पहिल्या भेटीत छातीठोकपणे सांगणार नाही, पण अंदाज बांधायला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांतील आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा आठवड्याला एक याप्रमाणे सुमारे ८ सत्रांनंतर निम्म्या रुग्णांमध्ये आणि २६ सत्रांनंतर सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये मोजता येण्याजोगी सुधारणा आढळली. चिंतेच्या तक्रारींसाठी बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही पद्धत, घेतला तर साधारण १२ ते २० सत्रांचा आराखडा धरतात. तेव्हा हिशेब १२ सत्रांचा एकदा आणि ३० सत्रांचा एकदा, असा दोनदा करावा.

समजा, खासगी सत्राचे शुल्क १०० एकक आहे, विमा कंपनीने तिच्या यादीतील थेरपिस्टशी ठरवलेला दर ८० आहे, वर्षातले पहिले ८०० एकक, म्हणजे सुरुवातीची वजावट, तुम्ही स्वतः भरायचे आहेत आणि त्यापुढच्या प्रत्येक सत्राचा २० टक्के वाटा तुमचा आहे. १२ सत्रे झाली तर विम्यातून तुम्हाला ८३२ एकक आणि खासगीत १२०० एकक पडतील; थेरपिस्टने शुल्कात चौथाई सवलत दिली तर खासगीचा आकडा ९०० वर येतो आणि फरक फारसा उरत नाही. ३० सत्रांना मात्र विम्यातून ११२० आणि सवलत धरूनही खासगीत २२५० लागतील, म्हणजे दुपटीहून अधिक. थोडक्या उपचारात विम्याचा लाभ किरकोळ ठरू शकतो आणि लांबलेल्या उपचारात तोच निर्णायक ठरतो, हे या आकड्यांतून दिसेल. या वर्षी दुसऱ्या आजारपणामुळे तुमची सुरुवातीची वजावट आधीच भरून झाली असेल, तर पहिल्या सत्रापासूनच विमा स्वस्त पडेल. उलट पॉलिसीचे वर्ष संपत आले असेल, तर ती वजावट लवकरच पुन्हा पहिल्यापासून भरावी लागेल, हेही ध्यानात ठेवा.

हे सगळे अर्थात विमा खरोखर पैसे देणार असेल तर. ‘मानसिक आजारांचा समावेश आहे’ या वाक्यावर विसंबू नका. पुष्कळ पॉलिसींमध्ये हा समावेश रुग्णालयात दाखल होण्यापुरता असतो आणि थेरपी तर जवळजवळ नेहमीच बाह्यरुग्ण म्हणून घेतली जाते. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण मिळावे, असे कायदे काही देशांनी केले आहेत. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तशी तरतूद आहे आणि अमेरिकेने २००८ मध्ये समान वागणुकीचा कायदा केला. परंतु समानतेचा अर्थ शारीरिक आजाराला जे मिळते ते मिळणे एवढाच असतो. ज्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचा खर्चच मिळत नाही, तिच्यात थेरपीचाही मिळत नाही. म्हणून विमा कंपनीला लेखी विचारा : बाह्यरुग्ण मानसोपचाराचा खर्च मिळतो का, केवळ मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचाच की मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचाही, वर्षाला सत्रांची मर्यादा किती, प्रतीक्षा कालावधी आहे का, आणि पूर्वपरवानगी लागते का. उत्तरही लेखीच घ्या, कारण फोनवर मिळालेला होकार दावा फेटाळला गेल्यावर दाखवता येत नाही.

आता तुम्हाला आवडलेल्या थेरपिस्टविषयी. थेरपिस्टशी जुळलेले नाते उपचाराच्या परिणामाशी निगडित असते, असे अनेक वर्षांच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. त्यामुळे त्या आश्वासक वाटल्या, या गोष्टीला मी पैशांइतकेच वजन देईन. मात्र एका भेटीतला विश्वास हा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे. यादीबाहेरच्या थेरपिस्टचे शुल्क स्वतः भरून त्यातला काही भाग विमा कंपनीकडून परत मिळवण्याची सोय काही पॉलिसींमध्ये असते. ती तुमच्या पॉलिसीत असेल तर तारीख, सेवेचे स्वरूप, निदानाचा संकेतांक आणि शुल्क यांचा तपशील असलेली पावती त्यांच्याकडून घ्या. मात्र ही रक्कम कंपनी स्वतःच्या मान्य दरावर काढते, तुम्ही भरलेल्या शुल्कावर नव्हे, त्यामुळे हाती येणारी रक्कम अपेक्षेहून कमी असते. यादीत वाजवी मुदतीत वेळ देणारे कोणी नसेल, तर यादीबाहेरच्या थेरपिस्टला अपवाद म्हणून मान्यता द्यावी, असा अर्जही करून पाहावा. आणि शुल्क कमी करता येईल का, हे थेरपिस्टना विचारायला संकोचू नका. उत्पन्नानुसार शुल्क घेणारे थेरपिस्ट अनेक आहेत, फक्त ते बहुधा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

नोंदीची भीती निराधार नाही, पण तुमच्या परिचितांनी ती अर्धवट सांगितली. विमा कंपनी पैसे देते ते आजाराच्या उपचाराचे, त्यामुळे दाव्यावर निदानाचा संकेतांक द्यावाच लागतो. उपचाराची आवश्यकता पटवण्यासाठी कधी उपचाराचा आराखडा आणि प्रगतीचा अहवालही मागितला जातो, आणि ‘पुरेशी सुधारणा झाली’ असे म्हणून पुढील सत्रांची मान्यता थांबवली जाऊ शकते. पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर दाव्याचे विवरण त्या व्यक्तीकडे जाण्याची शक्यता असते. घरात ही बाब खासगी ठेवू पाहणाऱ्यांसाठी हा मुद्दा माझ्या मते निदानाच्या नोंदीहून मोठा आहे. तुमची पॉलिसी नोकरीतून मिळालेली असल्याने दाव्यांची कोणती माहिती मालकापर्यंत पोहोचते, हेही विचारून घ्या.

स्वतः पैसे भरले की यातले बरेच टळते, सगळे टळत नाही. थेरपिस्ट आपल्या नोंदी ठेवतातच. पुढे आयुर्विमा किंवा नवा आरोग्य विमा घेताना पूर्वीच्या उपचारांविषयी प्रश्न असेल, तर खिशातून पैसे भरले होते म्हणून ‘नाही’ लिहिता येत नाही. माहिती दडवल्याच्या कारणावरून नंतर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा होणारे नुकसान थेरपीच्या खर्चाच्या कितीतरी पट असते. लपवण्यासाठी म्हणून पदरमोड करू नका; उपचाराची दिशा आणि मुदत तुमच्या व थेरपिस्टच्या हाती राहावी म्हणून करत असाल, तर ते कारण पटण्यासारखे आहे.

तुमच्या जागी मी असते तर यादीतल्या थेरपिस्टकडे आजच नाव नोंदवून ठेवले असते आणि दरम्यान आवडलेल्या थेरपिस्टकडे ठरावीक ६ ते ८ सत्रे स्वखर्चाने घेतली असती, हे त्यांना स्पष्ट सांगून. त्या वेळेपर्यंत लेखी उत्तर आलेले असेल आणि सुधारणेचा कलही दिसू लागेल. मात्र ३० सत्रांचा खासगी खर्च तुम्हाला झेपणारा नसेल, तर विम्याचा मार्ग सोडू नका. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने केलेल्या आरोग्य विम्याच्या प्रयोगात असे दिसले, की खिशातून द्यायचा वाटा वाढला की लोक उपचार कमी घेतात, आणि अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी होतात. पैशांच्या ओढाताणीत सत्रे आधी पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातात आणि शेवटी थांबतात. तशा खासगी उपचारापेक्षा यादीतल्या थेरपिस्टकडे नियमित जाणे मला अधिक बरे वाटते.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी एकत्र समुपदेशन घेणार आहोत. त्याचा खर्च विम्यातून मिळावा म्हणून आमच्यापैकी एकाच्या नावावर नैराश्याचे निदान दाखवावे, असे आम्हाला सुचवण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात मानसिक आजारांचे संकेतांक ‘एफ’ अक्षराने सुरू होतात, तर जोडीदाराशी असलेल्या नात्यातील अडचणींना ‘झेड ६३.०’ हा संकेतांक आहे. ‘झेड’ गटात आजार नसून आरोग्यावर परिणाम करणारी परिस्थिती नोंदवली जाते आणि विमा कंपन्या सहसा तिचे पैसे देत नाहीत. तुमच्यापैकी कोणाला खरोखर नैराश्य असेल, तर त्याची रीतसर तपासणी व्हावी आणि त्या उपचारासाठी विमा अवश्य वापरावा. त्या उपचाराचा भाग म्हणून जोडीदाराला काही सत्रांना बोलावण्यास काही पॉलिसी मान्यताही देतात. नसलेले निदान दाखवणे मात्र खोटा दावा ठरतो, आणि ज्याच्या नावावर ते लिहिले जाईल, त्याला पुढच्या प्रत्येक विमा अर्जात त्याचे उत्तर द्यावे लागेल. जोडप्यांचे समुपदेशन पुष्कळदा मर्यादित सत्रांचे असते. तेव्हा शुल्क आणि सत्रांची संख्या आधी ठरवून घेऊन हा खर्च स्वतः करणेच तुमच्यासाठी उचित आहे.