वाचकांचे प्रश्न : आदिवासी संकल्पनेवरील उद्यान

प्रश्न : आमच्या प्रभागातील मोकळ्या भूखंडावर आदिवासी संकल्पनेवर आधारित उद्यान व्हावे असा विचार चालू आहे. आराखड्यात कुंपणभिंतीवर वारली चित्रे आणि तारपा वाजवणाऱ्यांचे फायबरचे पुतळे दाखवले आहेत. सिडनीमध्ये तेथील आदिवासींच्या भूमीचा मान राखून असे एक उद्यान झाल्याचे ऐकले. त्यातून आम्ही काय घ्यावे? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपण ऐकले ते बारंगारू उद्यान. अठराव्या शतकात ब्रिटिश सिडनीत उतरले तेव्हा तेथे असलेल्या, कॅमरेगल समाजातील एका करारी स्त्रीचे नाव त्याला दिलेले आहे. जेथे पूर्वी कंटेनर उतरवण्याचा सपाट काँक्रीटचा धक्का होता, तेथे सुमारे ६ हेक्टरांवर जुन्या किनाऱ्यासारखी खडकाळ टेकडी पुन्हा उभी करून हे उद्यान २०१५ साली खुले झाले. त्यासाठी लागलेले वालुकाश्माचे सुमारे १०,००० चिरे त्याच जागेतून काढले आणि ७५,००० हून अधिक झाडेझुडपे लावली, तीही बहुतेक सिडनी परिसरातलीच. आदिवासी वाटाडे आज तेथे लोकांना झाडांचे आणि किनाऱ्याचे पूर्वापार उपयोग समजावून सांगतात.

आपला आराखडा भिंतीपासून सुरू होतो, हे मला खटकते. वारल्यांचा देवचौक लग्नघरात सुवासिनी काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. तो कुंपणावर रंगवण्याआधी त्या समाजातील जाणत्यांना विचारायलाच हवे. शिवेवर शेंदूर लावून पुजल्या जाणाऱ्या वाघदेवाची प्रतिकृती तर करूच नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडील कोकणा, महादेव कोळी, वारली मंडळींना आराखडा कागदावर उतरण्याआधीच बोलवावे आणि त्यांच्या वेळेचे व ज्ञानाचे रीतसर मानधन द्यावे.

मग जमिनीकडे वळावे. खोदाईत निघणारा काळा कातळ खडी करायला न पाठवता बसायच्या पायऱ्यांसाठी वापरावा. गुलमोहर आणि शोभेचे पाम यांऐवजी मोह, ऐन, पळस, पांगारा, उंबर लावावेत, कडेला करवंदाच्या जाळ्या असाव्यात. मोहाखाली मात्र पेव्हर ब्लॉक मुळीच नकोत. झाड फुलोऱ्यावर यायला बरीच वर्षे लागतील, पण चैत्राच्या पहाटे त्याची फिकट पिवळी, रसाने जड झालेली फुले टपटप गळू लागतात, तेव्हा ती वेचण्यासाठी पाड्यावरच्या बाया झाडाखालची जमीन झाडून ठेवतात. उद्यानातही तेवढी माती उघडी आणि स्वच्छ ठेवावी, आणि ती फुले कोणी वेचायची हेही त्यांच्याशी बोलूनच ठरवावे.