वाचक विचारतात: एल्कच्या शिकारीला जाऊ का?

प्रश्न: अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑफिसातला मित्र ऑक्टोबरात गाइडसोबत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला चल म्हणतोय. मी जन्मात बंदूक धरलेली नाही. जाऊ का?

उत्तर: जा की! पण आधी कागदपत्रं. तुमच्या व्हिसावर एरवी बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीचा परवाना असला की सूट मिळते. परवान्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स करा. झगझगीत (फ्लुरोसंट) नारिंगी किंवा गुलाबी जाकीट-टोपी घ्या, रायफलच्या हंगामात ती सक्तीची असते.

माझी पहिली खेप सांगतो. दर रविवारी सिंहगड चढणारा मी, तिथे तीन हजार मीटरवर वीस पावलांत धापा टाकू लागलो. गाइड गालातल्या गालात हसला. दोन दिवस आधीच वर जाऊन राहा, पाणी भरपूर प्या.

माझ्या मित्राने तिसऱ्या दिवशी नर टिपला. गोळीचं काम क्षणाचं; पुढे तीनशे किलोंचं धूड सोलून, तुकडे करून पाठीवरून खाली आणायचं! खाण्याजोगं मांस रानात टाकणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. मी एकही गोळी झाडली नाही, पण मागची एक तंगडी माझ्याच पाठीवर होती. खांदे आठवडाभर दुखले. त्या मांसाचं सुकं मात्र झकास झालं, कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं.